घरात पीठ किती आहे?

पावसाळा तोंडावर आला की महापुराच्या तयारीबद्दल विचारणा सुरू होते. त्यातले हे चार प्रश्न.

आमचं घर सांगलीवाडीत, दुमजली. गहू-तांदूळ वर नेऊन ठेवलेत. तेवढं पुरेल ना?

पुरेल, पण शिजवणार कसं? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट. माझी मावशी तेव्हा वरच्या मजल्यावर अडकली होती. दोन पोती गहू हाताशी, पीठ मात्र डब्याच्या तळाला वाटीभर, कारण दळण शनिवारी टाकायचं होतं. वीज गेली, गिरणीत पाणी शिरलं. तिघांनी चार दिवस चुरमुरे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, तीही त्याच पोत्यांवर बसून!

म्हणून जुलै लागताच दळण करून ठेवा, पण पंधरा दिवसांपुरतंच. पावसाळी हवेत पीठ टिकत नाही, बाजरीचं तर लगेच कडू होतं. खरी बेगमी हवी ती चूल न पेटवता खाता येईल अशा जिनसांची: भडंग, फुटाणे, गूळ, शेंगदाण्याचे लाडू, मेतकूट, सातूचं पीठ. सोलापूरकडची कडक भाकरी मिळाली तर सोडू नका. नीट वाळलेली असली की कितीतरी दिवस राहते, दह्यात कुस्करली की झालं जेवण.

आणि पाणी. नदीकाठचं जॅकवेल, म्हणजे नळासाठी पाणी उपसायची विहीर, बुडालं की चहूकडे पाणी असूनही नळ कोरडा पडतो. इशारा येताच हंडे, कळश्या, कुकरसुद्धा भरून घ्या. पिण्यापुरतं माणशी रोज तीन लिटर धरा. पाण्याची शंका असेल तर खळखळून उकळा. गॅस नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावरच्या मापाने टाका आणि अर्धा तास थांबा.

शिरोळ तालुक्यातून : पुरात भिजलेला जोंधळा सासूबाई उन्हात वाळवून वापरायचं म्हणतात. चालेल का?

नाही. सासूबाईंना वाईट वाटेल, वर्षाचं धान्य टाकताना कुणालाही वाटतंच. पण त्या पाण्यात संडासाच्या टाक्या, मेलेली जनावरं, फवारणीची औषधं, सगळं मिसळलेलं असतं. शिवाय ओल्या दाण्यात बुरशी धरते आणि तिचं विष भाजून किंवा शिजवून पुरतं जात नाही. गाई-म्हशींनाही घालू नका, ते विष दुधात उतरतं. मात्र टाकण्याआधी फोटो काढा, पंचनामा होऊ द्या. फिरकीच्या झाकणाच्या बरण्यांवरही विसंबू नका, आट्यांतून पाणी आत जातं.

पूर आला की आम्ही बहिणीच्या गावी जातो. तिथे आमच्या कार्डावर रेशन मिळेल का?

मिळेल. आधार जोडलेलं असेल तर कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचं धान्य घेता येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला ३५ किलो. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. दुकानातल्या यंत्राला रेंज नसेल तर मात्र अंगठा कितीही चोळा, खोळंबा ठरलेला. म्हणून महिन्याचं धान्य आलं की लगेच उचला, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

डोंबिवलीहून : आमच्याकडे पूर नव्हता, तरी २०१९ ला दूध का मिळेना?

तुमच्या पिशवीतलं बरंचसं दूध कोल्हापूर-सांगलीकडून येतं. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि टँकर अडकले. गावागावांतलं संकलनही थांबलं. धान्याचं पोतं आठवडाभर थांबेल, सकाळी काढलेलं दूध थांबत नाही. पावसाळ्यात दूध पावडरचं एक पाकीट घरात असू द्या. आणि तिकडच्या पाहुण्यांना फोन कराल, तेव्हा दुधाची तक्रार तेवढी नको.