रत्नागिरीत लॉ करतोय, आंतरराष्ट्रीय कायद्याचा अभ्यास कुठून सुरू करू?

व्याख्या पाठ करत बसू नकोस. आधी आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतलं कलम 38 वाच, करार, रूढी, सर्वमान्य तत्त्वं, कायदा येतो कुठून ते तिथंच कळतं. मग सरळ समुद्राचा कायदा घे, मिरकरवाड्याच्या जेटीवर उभं राहून समजेल असा विषय आहे, आधाररेषेपासून (साधारणपणे किनाऱ्यावरची ओहोटीची रेषा) 12 सागरी मैल आपली हद्द, पुढे 200 पर्यंत मासळी नि तेलावर हक्क आपला, पण तिथून जाणारं परदेशी जहाज उगाच अडवता येत नाही. संयुक्त राष्ट्रांचा 1982 चा सागरी कायद्याचा करार आहे हा, भारताने 1995 ला स्वीकारला.

नंतर एन्रिका लेक्सी (इटलीचं तेलवाहू जहाज) केस वाचच. 2012 ला केरळजवळ इटलीच्या नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मच्छीमार गेले, 2020 ला आंतरराष्ट्रीय लवादाने इटलीला भरपाई द्या म्हटलं पण सैनिकांना इम्युनिटी, म्हणजे खटल्यापासून संरक्षण, त्यामुळे खटला भारतात नाही. मला तरी हे अजून पटलेलं नाही.