पाच जणांच्या टीमने गिट घ्यावं, सबव्हर्जन की मर्क्युरियल?

तुमचा प्रश्न मला असा कळला: टीम पाच जणांची, कोड आजवर सर्व्हरवरच्या सामाईक फोल्डरमध्ये, झिपच्या नावांपुढे तारखा टाकून ठेवलेला. आता कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणारं साधन, म्हणजे व्हर्जन कंट्रोल, निवडायचंय. ज्येष्ठ सहकाऱ्यांचा हात सबव्हर्जनवर बसलेला आहे, तरुणांना गिट हवंय, आणि मर्क्युरियल शिकायला सोपं असल्याचं कुणीतरी सांगितलंय.

गिट घ्या. मात्र त्याआधी तुमच्या फायली कशा प्रकारच्या आहेत ते एकदा बघा. बहुतेक फायली साध्या मजकुराच्या असतील, म्हणजे कोड, कॉन्फिगरेशन, एसक्यूएल वगैरे, तर दोघांनी एकाच फाइलीत केलेले बदल जोडता येतात. गिटचं सगळं बळ या जोडण्यात, मर्जमध्ये आहे. पण फोटोशॉपच्या फायली, थ्रीडी मॉडेल किंवा सर्किटची ड्रॉइंग रोज बदलत असतील, तर तिथे मर्ज नावाची गोष्टच नसते. दोघांनी एकाच वेळी काम केलं की एकाचं वाया जाणारच. तिथे फाइलीला कुलूप लागतं, आणि सबव्हर्जनमध्ये ही लॉकची सोय जुनी आणि भरवशाची आहे. शिवाय एखाद्या बाहेरच्या माणसाला एकच फोल्डर दिसावं, बाकीचं दिसू नये, असं सबव्हर्जनमध्ये करता येतं. गिटमध्ये रेपो, म्हणजे इतिहासासकट सगळ्या फायलींचा साठा, वाचायला दिला की तो अख्खा दिला. यातलं काही तुम्हाला रोज लागत असेल तर तुमच्या ज्येष्ठांचं म्हणणं बरोबर आहे, त्यांचं ऐका. मोजक्याच मोठ्या फायली असतील तर गिट एलएफएस पुरतं. ते फाइल वेगळी साठवून रेपोमध्ये तिचा फक्त पत्ता ठेवतं, आणि त्यातही लॉक करता येतं. ते पहिल्या दिवशीच लावा. मोठी फाइल एकदा इतिहासात गेली की नंतर डिलीट केली तरी प्रत्येक क्लोनसोबत, म्हणजे रेपोच्या प्रत्येक नव्या प्रतीसोबत, ती येतच राहते.

मर्क्युरियलबद्दल थोडक्यात. गिट आणि मर्क्युरियल दोन्ही २००५च्या एप्रिलमधली. लिनक्स कर्नलच्या लोकांना ते वापरत असलेलं बिटकीपर हे असंच साधन फुकट वापरायला मिळेनासं झालं, त्यातूनच दोन्ही उभी राहिली. मर्क्युरियलच्या कमांड जास्त सुटसुटीत आहेत, हे मीही मान्य करतो. पण बिटबकेट या रेपो ऑनलाइन ठेवण्याच्या ज्या सेवेची सुरुवातच मर्क्युरियलसाठी झाली होती, तिनेही २०२० मध्ये त्याचा आधार काढून घेतला. नवीन येणारा माणूस गिट शिकून येतो, एडिटर आणि बिल्डची साधनं गिट धरून बनतात. पाच जणांनी प्रवाहाविरुद्ध पोहण्यात शक्ती का घालवायची?

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ती सांगतो. सबव्हर्जनमधून आलेल्या माणसाला गिट अवघड जातं, कारण शब्द तेच आहेत आणि अर्थ वेगळे. सबव्हर्जनमध्ये कमिट केलं, म्हणजे बदलाची नोंद केली, की काम सर्व्हरवर पोहोचलं. गिटमध्ये कमिट तुमच्याच मशीनवर राहतं, पुश केल्याशिवाय, म्हणजे सर्व्हरवर पाठवल्याशिवाय, कुणाला दिसत नाही. तिकडे रिव्हर्ट म्हणजे आपले कमिट न केलेले बदल टाकून देणं. इकडे रिव्हर्ट जुन्या कमिटचा परिणाम पुसणारं नवं कमिट तयार करतं. चेकआउट तिकडे सर्व्हरवरून प्रत आणतं, इकडे ब्रँच, म्हणजे कामाची वेगळी शाखा, बदलतं.

आमच्या टीममध्ये एका अनुभवी सहकाऱ्याने चार दिवस नेमाने कमिट केलं आणि पुश एकदाही केलं नाही. कमिट म्हणजे सुरक्षित, हे त्यांच्या दहा वर्षांच्या सवयीत होतं. पाचव्या दिवशी लॅपटॉपची डिस्क गेली. चार दिवसांचं काम गेलं, आणि मला आजही वाटतं की चूक आमची होती, त्यांची नव्हे. आम्ही त्यांना कमांडचा तक्ता दिला होता, पण हा एक फरक समोर बसून सांगितला नव्हता. तुम्ही तो पहिल्याच दिवशी सांगा, आणि संध्याकाळी उठण्यापूर्वी पुश हा नियम सगळ्यांना सारखा लावा. त्यांना चेकआउटऐवजी ब्रँच बदलायला स्विच आणि फाइल पूर्ववत करायला रिस्टोअर शिकवा. २०१९ मध्ये आलेल्या या दोन कमांडमुळे गोंधळ बराच कमी होतो.

जुन्या झिपमधून इतिहास पुन्हा उभा करायच्या भानगडीत पडू नका. त्या एका जागी जपून ठेवा आणि आजच्या कोडपासून सुरुवात करा. पहिल्या कमिटच्या आधी गिटइग्नोर फाइल, म्हणजे गिटने कुठल्या फायली घ्यायच्या नाहीत याची यादी, लिहा: बिल्डमधून तयार होणाऱ्या फायली, डाउनलोड केलेल्या लायब्ररी आणि मुख्य म्हणजे पासवर्ड असलेल्या फायली यांची नावं त्यात हवीत. पासवर्ड चुकून पुश झालाच तर फाइल काढून भागत नाही, पासवर्डच बदलावा लागतो. विंडोज आणि मॅक दोन्ही वापरत असाल तर ओळीच्या शेवटाच्या खुणेचा (ती दोन्हीकडे वेगळी असते) नियम गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलीत त्याच दिवशी घाला. नाहीतर एक ओळ बदललेली असताना अख्खी फाइल बदललेली दिसते.

ब्रँचिंग साधं ठेवा. एक मुख्य ब्रँच, आणि कामापुरत्या छोट्या ब्रँच, ज्या एक-दोन दिवसांत मर्ज होतील. गिटफ्लो या बऱ्याच ब्रँच सांभाळायच्या पद्धतीच्या आकृत्या तुम्हाला सगळीकडे दिसतील. ती पद्धत २०१० मध्ये मांडणाऱ्या व्हिन्सेंट ड्रीसेन यांनीच २०२० मध्ये त्या लेखाला टीप जोडली, की सतत रिलीज होणाऱ्या वेब अ‍ॅपसाठी याहून सोपी पद्धत घ्या. तीन आठवडे वेगळी राहिलेली ब्रँच मर्ज करताना होणारा त्रास कुठलंही साधन वाचवू शकत नाही.

खरं काम हलवण्याआधी एक दुपार सगळे मिळून बसा. एक खोटा रेपो करा. दोघांनी मुद्दाम एकच ओळ वेगवेगळी बदला आणि तो कॉन्फ्लिक्ट ज्येष्ठांच्या हातून सोडवून घ्या. मग मर्ज न झालेली एखादी ब्रँच उडवा आणि रीफ्लॉग बघून परत आणा. रीफ्लॉग तुमच्या मशीनवर ब्रँच कुठून कुठे हलली ते टिपत असतो, आणि असे सुटलेले कमिटही त्यात साधारण ३० दिवस सापडतात. कमिट न केलेलं काम मात्र तिथे मिळत नाही, तेही करून बघा. गेलेली ब्रँच स्वतःच्या हाताने परत आणली, की पुढच्या सोमवारी खऱ्या रेपोवर काम सुरू करायला कुणी घाबरणार नाही.