आधी आडनाव की आधी बूड?

प्रश्न : परवा आमच्याकडे जुने क्रिकेट सामने लावले होते. इंग्लंडच्या रायन साइडबॉटमचं नाव पडद्यावर आलं आणि मुलं हसून हसून लोळली. मी दटावलं, पण हसू मलाही आवरत नव्हतं. असलं आडनाव कुणी लावतं तरी कसं? त्याचा अर्थ काय, ते कितपत आढळतं, आणि ही माणसं ते बदलून का टाकत नाहीत?

उत्तर : दटावलंत कशाला? मीसुद्धा बरीच वर्षं हसलो आहे. माझं हसू थांबलं ते एका खेडेगावात.

मे महिन्यात एकदा मँचेस्टरला होतो. एक दिवस मोकळा मिळाला म्हणून ग्लॉसपकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. वाटेत एका स्टेशनावर पाटी दिसली, ‘ब्रॉडबॉटम’. ‘रुंद बूड’ अशा नावाचं गाव बघायचंच म्हणून उतरलो. उतार संपता संपता एथरो नदी लागते. काठाला जुन्या सूतगिरण्यांचे नुसते पाये आणि भिंतींचे तुकडे उरलेत, त्यावर शेवाळ. तिथे कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा भेटले. मी भीत भीत गावाच्या नावाचा अर्थ विचारला. त्यांनी बुटाची टाच चिखलात दोनदा आपटली आणि म्हणाले, ‘हे बॉटम.’ मग दोन्ही बाजूंच्या टेकड्यांकडे हात केला. ‘आणि ते नाही.’

शब्दकोशात याहून नेमका अर्थ मला सापडलेला नाही. बॉटम म्हणजे खोऱ्याचा तळ, नदीकाठची सपाट, ओलसर जमीन. उत्तर इंग्लंडात पेनाइन्स डोंगररांगेच्या पायथ्याशी ओढ्यानाल्यांनी अशी असंख्य खोरी कोरून ठेवली आहेत आणि त्यांच्या नावांना हे शेपूट लागलेलं असतं. साइडबॉटममधला ‘साइड’ म्हणजे बाजू नव्हे. जुन्या इंग्रजीत ‘सीद’ म्हणजे रुंद, ऐसपैस. चेशर परगण्यातल्या अशा एका रुंद खोऱ्याच्या जागेवरून हे आडनाव आलं. म्हणजे साइडबॉटम आणि ब्रॉडबॉटम अर्थानं सख्खी भावंडं. गंमत अशी, की मी ज्या पडक्या भिंतींपाशी उभा होतो त्या गिरण्या साइडबॉटम घराण्यानंच उभारलेल्या.

आता बुडाकडे वळू, कारण तुमच्या मुलांचा सगळा जीव तिथे अडकलाय. इंग्रजीत ‘बॉटम’ हा शब्द माणसाच्या बैठकीसाठी रुळला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. आडनावं त्याच्या कितीतरी आधीची. १०६६च्या नॉर्मन स्वारीनंतर आधी जमीनदारांनी ती लावली, मग हळूहळू सामान्य माणसांना ती चिकटली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक इंग्रजांना आडनाव होतं. म्हणजे पहिल्या साइडबॉटमनं हे नाव घेतलं तेव्हा त्यात हसण्यासारखं काही नव्हतंच. शब्द पुढे घसरला आणि आडनाव बिचारं जागच्या जागी राहिलं.

आपण मराठी माणसांनी तर याला फारसं हसूच नये. पातेल्याचंही बूड असतं आणि ‘जरा बूड टेका’ म्हणतानाही बूडच असतं. संस्कृतातला ‘बुध्न’ म्हणजे तळ आणि इंग्रजीतला ‘बॉटम’ ही एकाच मूळ धातूची लेकरं. उत्तरा भाद्रपदा नक्षत्राची देवता अहिर्बुध्न्य, म्हणजे तळाशी राहणारा सर्प. पंचांगात हे नाव वाचताना कुणी हसल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

गावावरून पडलेल्या आडनावाची आणखी एक खोड आहे, ती आपल्या ‘कर’वाल्यांना लगेच कळेल. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावानं कोण हाक मारणार? तिथे सगळेच त्या गावचे. माणूस खोरं सोडून शेजारच्या गावी गेला की तिथल्या पाच जॉनांत ‘तो रुंद खोऱ्यातला जॉन’ ओळखायला हे नाव उपयोगी पडायचं. म्हणजे आडनाव बहुधा खोरं सोडणाऱ्याला चिकटलं.

तरी ही मंडळी फार लांब गेली नाहीत. स्मिथ हे आडनाव गल्लोगल्ली आढळतं, कारण लोहार गावोगावी होता. साइडबॉटमची जागा एक, म्हणून आडनावही विरळ. १८८१च्या जनगणनेवरून आडनावांचे नकाशे काढले गेले आहेत. त्यांत साइडबॉटम चेशर, लँकेशर, डर्बीशर आणि यॉर्कशर जिथे एकमेकांना टेकतात त्या कोपऱ्यात दाटलेले दिसतात. मला विचाराल तर याचं श्रेय गिरण्यांना. पोट घराजवळच भरत असेल तर खोरं सोडून कोण जाईल?

या कोपऱ्यात हे नाव किती वजनदार होतं ते ऐका. १८८६ ते १९०० या काळात शेजारशेजारच्या तीन मतदारसंघांतून स्टॅलीब्रिजला टॉम हॅरप साइडबॉटम, हाय पीकला विल्यम साइडबॉटम आणि हाइडला जोसेफ वॉटसन साइडबॉथम असे तिघं एकाच वेळी संसदेत होते. तिघंही हुजूर पक्षाचे.

तिसऱ्या नावातला ‘थ’ छापखान्याची चूक नाही. जुन्या इंग्रजीतच या शब्दाची दोन रूपं होती, एक ‘ट’चं आणि एक ‘थ’सारख्या उच्चाराचं. चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदी ठेवायचा हुकूम १५३८ साली निघाला, पण स्पेलिंगचा हुकूम कुणी काढला नाही. कारकून कानाला पडेल तसं लिहायचा, त्यामुळे एकाच घरातले दोन भाऊ वहीत दोन तऱ्हांनी उतरायचे. नुसता ‘बोथम’ हा त्याच कुळातला, म्हणजे खोऱ्याच्या तळाशी राहणारा. होय, आपला इयान बोथम. तोही जन्मानं चेशरचाच. १९८५च्या ॲशेसमध्ये ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत तो इंग्लंडकडून खेळला आणि त्याच संघात रायनचे वडील आर्नी साइडबॉटमही होते. म्हणजे ऑस्ट्रेलियाविरुद्ध एका टोकानं ‘खोरं’ आणि दुसऱ्या टोकानं ‘रुंद खोरं’! आर्नींची ती एकमेव कसोटी ठरली. मुलाचंही तसंच होणार होतं. २००१च्या पहिल्या कसोटीनंतर दुसरीसाठी त्याला २००७ उजाडावं लागलं. पुढच्याच वर्षी हॅमिल्टनला त्यानं न्यूझीलंडविरुद्ध हॅटट्रिक घेतली. तेव्हा किवी हसत नसावेत.

बदलण्याबद्दल. इंग्लंडात आडनाव बदलणं फार सोपं आहे. फसवणुकीचा हेतू नसेल तर हवं ते नाव लावा. कागद हवाच असेल तर ‘डीड पोल’ नावाचा दस्त करायचा. काहींनी तो मार्ग धरला. काही ‘थ’वाल्या स्पेलिंगच्या आड गेले. आणि काहींनी अक्षरं तीच ठेवून उच्चार तेवढा ‘सिडी-बो-टोऽम’ असा उंची करून घेतला. हा उपाय मला रोगाहून वाईट वाटतो. सरळ ‘साइडबॉटम’ म्हटलं तर माणूस एकदा हसतो, ‘सिडीबोटोम’ म्हटलं की आधी कारण विचारतो आणि मग दोनदा हसतो.

याच घराण्यातली बाकीची नावंही तितकीच निरागस आहेत. विंटरबॉटम म्हणजे हिवाळ्यात गुरं ठेवायचं खोरं. इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे पहिले व्यवस्थापक वॉल्टर विंटरबॉटम यांनी १९४६ ते १९६२ हे आडनाव घेऊन संघ चालवला. रॅम्सबॉटममध्ये मेंढा शोधणारे अभ्यासक आहेत, पण मी रानलसणाच्या बाजूचा. जुन्या इंग्रजीत ‘ह्रम्सा’ म्हणजे रानलसूण. त्या दिवशी एथरोच्या काठी झाडांच्या सावलीत पांढऱ्या चांदण्यांसारखी फुलं दाटली होती. एक रुंद पान चुरगळलं, तर गाडीत परतेपर्यंत बोटांना लसणाचा वास येत होता. ज्यानं असं खोरं नाकानं ओळखलं तो त्याला दुसरं काय म्हणणार?

राहिला शफलबॉटम. ऐकून वाटतं तसं त्यात काही हलवायचं नाही. ओढ्यात मेंढ्या धुवायची जागा असलेलं खोरं, एवढाच त्याचा अर्थ. पण हे नाव मुलांना इतक्यात सांगू नका. निदान तोंडात घास असताना तरी नको.