नवऱ्याकडे ग्रीन कार्ड आहे, मग मला कधी नेणार?

लग्नाला वर्ष-दोन वर्षं झालेली, नवरा अमेरिकेत, त्याच्याकडे ग्रीन कार्ड (तिथे कायम राहण्याचा परवाना) आणि बायको अजून इथेच. अशा मुली, बहुतेकदा आईसोबत, माझ्याकडे समुपदेशनासाठी सतत येतात. "कार्ड असूनही नेत नाही, म्हणजे काहीतरी गडबड आहे ना?" हा प्रश्न ठरलेला. पल्लवीची (नाव अर्थातच बदललेलं) गोष्ट त्या सगळ्यांसाठी.

पल्लवी सांगलीची, नवरा निखिल डॅलसला. सुरुवातीला आईच बोलत होत्या. "मॅडम, हिच्या मागून लग्न झालेल्या मैत्रिणी कधीच्या गेल्या. लोकांना काय सांगायचं?" त्यांना बाहेर बसवल्यावर पल्लवी म्हणाली, "मी त्याला खरंच हवी असते, तर आज इथे नसते."

"मैत्रिणींचे नवरे कोणत्या व्हिसावर आहेत?"

"एच-वन."

इथेच घोळ होतो. एच-वन हा नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा; तो असलेल्याची बायको एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर काही महिन्यांत जाऊ शकते. कार्ड मिळाल्यावर लग्न केलं की ती वाट बंद होते. मग नवऱ्याने आय-१३० हा बायकोला नेण्याचा अर्ज भरायचा आणि 'एफ-टू-ए' या कार्डधारकांच्या बायको-मुलांच्या गटात नंबर लावायचा. या गटाला वर्षाला ठरावीकच व्हिसे असतात. अर्ज दाखल झाल्याची तारीख हाच आपला नंबर. रांग कुठवर आली ते अमेरिकन सरकारच्या दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये कळतं. अमेरिकन नागरिकाच्या बायकोला अशी मर्यादा नाही. म्हणून कार्डाला ५ वर्षं झाल्यावर नवऱ्याने नागरिकत्व घेतलं, तर तोच अर्ज रांगेतून मोकळा होतो.

"निखिलने हे सांगितलं नाही?"

"तो एवढंच म्हणतो, प्रोसेसमध्ये आहे."

मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांवर माझी घडण झाली. घटनेपेक्षा तिला आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, हे मी रोज पाहते. पल्लवीने उशिराचा अर्थ 'मी नको आहे' असा लावला होता. तो खोटा आहे, असं सांगून ती मानली नसती. मी म्हटलं, "आपण त्यालाच विचारून तपासू."

पुढच्या वेळी निखिल व्हिडिओ कॉलवर होता. पल्लवी म्हणाली, "अर्जाची पावती दाखव." त्याने कागद कॅमेऱ्यासमोर धरला; दिव्याच्या उजेडात नुसता पांढरा दिसत होता. मग त्याने तारीख वाचली. पल्लवीने ती लिहून घेतली आणि मान वर केली. "अरे, ही तर लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यातली!"

तो बराच वेळ गप्प होता. "कार्ड येण्याआधी नुसतं रजिस्टर लग्न केलं असतं, तरी तू माझ्याच ग्रीन कार्डाच्या केसमध्ये आली असतीस. वकिलाने नंतर सांगितलं. तुझ्या बाबांना कोणत्या तोंडाने सांगू?"

"मला वाटलं, तू अर्जच केला नाहीस," म्हणत ती रडायला लागली. पण त्या रडण्यात सुटका होती.

शरमेपोटी गप्प बसलेला नवरा बायकोला अगदी नाकारणाऱ्या नवऱ्यासारखाच दिसतो. इतक्या वर्षांच्या कामाने माझं लक्ष आता आधी याच जागी जातं, आणि बहुतेक वेळा गाठ तिथेच सापडते.

त्यानंतर आम्ही कामाचं ठरवलं. पावतीची प्रत पल्लवीकडे आली, दर महिन्याला बुलेटिन दोघांनी मिळून पाहायचं ठरलं आणि सांगलीला बाबांना निखिलने स्वतः फोन केला. विवाह नोंदणीचा दाखला, एकत्र फोटो, प्रवासाची तिकिटं यांची फाइल पल्लवीने हाती घेतली. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतल्या व्हिसा मुलाखतीत लग्न खरं असल्याचे पुरावे लागतात. वाट पाहणाऱ्या माणसाच्या हाताला काम हवंच.

दोन गोष्टी घरच्यांनीही समजून घ्याव्यात. "तोपर्यंत टुरिस्ट व्हिसावर जा" हा सल्ला सहसा चालत नाही, कारण कायम राहण्याचा अर्ज असताना आपण परत येऊ हे अधिकाऱ्याला पटवणं अवघड असतं. आणि "मग त्यानेच इथे येऊन राहावं" हेही सोपं नाही. सलग ६ महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर त्याच्या नागरिकत्वाच्या हिशेबात अडचण येऊ शकते.

स्थळ पाहतानाच मुलाचा व्हिसा कोणता आणि कार्डाचा अर्ज कुठवर आला, हे दोन्ही घरांनी स्पष्ट विचारावं. पत्रिकेआधी विचारलंत तरी चालेल. आणि लग्नाची तारीख धरण्याआधी मुलाने इमिग्रेशन वकिलाशी बोलून घ्यावं.