प्रश्न तुमचे : उन्हाळी, ताप आणि फ्रिजमधली बाटली

प्रश्न : माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. जूनमध्ये तिला ताप आला, लघवी करताना रडायची. सासूबाई म्हणाल्या उन्हाळी लागली, म्हणून सब्जाचं पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सेफिक्झिम या अँटिबायोटिकचं सिरप सात दिवस द्यायला सांगितलं. ताप उतरला तसं आम्ही चौथ्या दिवशीच बंद केलं. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच झालं, तेव्हा फ्रिजमधलं उरलेलं सिरप दोन दिवस दिलं; उतार पडला नाही. आता लघवीच्या कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये 'ई. कोलाय, ईएसबीएल' असं आहे आणि सेफिक्झिमपुढे 'आर' लिहिलंय. तिच्या अंगाला औषधाची सवय झाली का? पुढे कुठलंच औषध लागू पडणार नाही का?
— एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी मनातली भीती काढून टाका. सवय मुलीच्या अंगाला झालेली नाही. तो 'आर', म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा, तिच्या लघवीत सापडलेल्या जंतूचा आहे. ईएसबीएल म्हणजे त्या जंतूजवळचं एक विकर (एन्झाइम); सेफिक्झिमच्या जातीची औषधं ते फोडून निकामी करतं. त्याच रिपोर्टमध्ये खाली काही औषधांपुढे 'एस' असेल, ती चालतात. मात्र ती तुम्ही निवडायची नाहीत. नायट्रोफ्युरँटॉइनपुढे 'एस' दिसलं तरी ते मूत्राशयापुरतं चांगलं. ताप असेल, म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शंका असेल, तर ते पुरत नाही. अशा वेळी काही दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतात. घाबरू नका, मुलं बरी होतात.

हा जंतू आला कुठून? तिच्याच आतड्यातून. ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्या पोटात असतो आणि मुलींचा मूत्रमार्ग आखूड, म्हणून तो सहज वर चढतो. आता आठवून बघा, गेल्या वर्षभरात साध्या सर्दीखोकल्याला तिला किती वेळा अँटिबायोटिक दिलं? सर्दी बहुतेक वेळा विषाणूची, तिला त्या औषधाचा काही उपयोग नसतो. पण पोटातले साधे जंतू त्यात मरतात आणि चिवट तेवढे उरून वाढतात. वर हा चिवटपणा ते शेजारच्या जंतूंनाही देऊ शकतात. मला राग येतो तो इथं. १ मार्च २०१४ पासून सेफिक्झिम शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत आहे. चिठ्ठीशिवाय विकायचं नाही आणि प्रत्येक विक्रीची नोंद वहीत ठेवायची, असा नियम आहे. तरी 'मागचंच द्या' म्हटलं की बाटली हातात पडते.

फ्रिजमधल्या बाटलीचं म्हणाल, तर पाणी घालून कालवलेलं सिरप एक-दोन आठवड्यांपुरतंच टिकतं. लेबलवर किती दिवस ते लिहिलेलं असतं. जूनचं औषध ऑगस्टला औषध राहत नाही. त्याहून मोठं नुकसान म्हणजे अर्धवट डोस पोटात गेल्यावर कल्चर फसतं.

हे मी स्वतः भोगलंय. राजारामपुरीत दवाखाना टाकला त्या पहिल्या पावसाळ्यात राधानगरीकडचं एक बाळ आलं, अंग तव्यासारखं तापलेलं. परत जायची एसटी चुकेल म्हणून आईची घाई. मी लघवी न घेताच औषध सुरू केलं, तपासणी दुसऱ्या दिवशी. रिपोर्ट आला, जंतू वाढला नाही. ताप मात्र हटेना. कुठल्या जंतूशी लढतोय हेच कळेना, चार दिवस अंदाजानं औषधं बदलली. बाळ वाचलं, पण त्या चार रात्री मी विसरलेली नाही. तेव्हापासून माझ्याकडे आधी लघवी, मग पहिला डोस.

पुढच्या वेळी तुम्हीही तेवढा आग्रह धरा. जागा साध्या पाण्यानं धुवा, सुरुवातीची धार सोडून मधली निर्जंतुक डबीत धरा आणि तासाभरात लॅबला पोचवा. उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिली तर त्यातले जंतू वाढतात आणि रिपोर्ट उगाच वाईट येतो. अगदी लहान बाळांना चिकटवायच्या पिशवीतली लघवी कल्चरला भरवशाची नाही.

सासूबाईंचं सब्जाचं पाणी चालेल, पाणी पोटात गेलेलं चांगलंच. पण लघवीच्या तक्रारीसोबत ताप असला तर उन्हाळी म्हणून तीन दिवस थांबू नका. उलटी, थंडी वाजणं, पाठीत दुखणं असेल तर त्याच दिवशी दाखवा. दोनदा झालंय, तेव्हा सोनोग्राफीबद्दल डॉक्टरांना विचारा.

आणखी एक, ती शौचाला रोज जाते का? खडा होत असेल तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही आणि दुखणं परत येतं. शाळेतलं स्वच्छतागृह घाण म्हणून सकाळपासून घरी येईपर्यंत लघवी दाबून धरणाऱ्या मुली मी रोज बघते. तिला जवळ घेऊन विचारा आणि वर्गाच्या बाईंना भेटून मधल्या सुट्टीत तिला पाठवायला सांगा.