बिअरसाठी मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा बार्ली) भरडायची दोन रोलरची गिरणी घेतली आहे. रोलरमधली फट किती ठेवावी, साफ कशी करावी?

तुम्ही म्हणता की आधी दाणे अख्खेच खाली आले, फट कमी केली तर मॅश (गरम पाण्यात भिजवलेला भरडा) गाळताना तुंबला. दोन्ही त्रास फटीचेच आहेत. (मी अमेरिकेत राहतो, इथे घरी बिअर करता येते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय तो गुन्हा आहे, तिकडच्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं.)

सुरुवात १ मिमीपासून करा. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या आणि रोलरच्या दोन्ही टोकांना मोजा, कारण बऱ्याचदा एक बाजू घट्ट नि दुसरी सैल असते. मग मूठभर मॉल्ट भरडून पांढऱ्या कागदावर पसरा. टरफल जवळजवळ अख्खं, आतला गर तीन-चार तुकड्यांत सुटलेला आणि पीठ थोडंसंच, असं दिसायला हवं. टरफल चिमटीत धरून बघा. टोकाशी गराचा टणक खडा चिकटलेला असेल तर फट किंचित कमी करा. मॅश गाळला जातो तो याच टरफलांच्या थरातून, म्हणून मिक्सर किंवा पिठाची चक्की इथे चालत नाही. गव्हाचा दाणा बारीक आणि टणक, तो वेगळा, ०.८ मिमीच्या आसपास भरडा.

मला सगळ्यात जास्त फरक जाणवतो तो मॉल्ट ओलसर करून घेतल्याने. किलोमागे २० मिली पाणी फवारायचं, हाताने कालवायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. टरफल चिवट होतं आणि फाटत नाही. शेवटी मूठभर कोरडा मॉल्ट गिरणीतून फिरवा, नाहीतर साध्या पोलादाचे रोलर गंजतात.

ड्रिल लावत असाल तर मिनिटाला २०० फेऱ्यांच्या आतच ठेवा. जोरात फिरवलं की टरफलाचा चुरा होतो.

गिरणी कधीही धुवू नका. ताठ केसांच्या ब्रशने खाचांतलं पीठ काढा. खाचा भरल्या की रोलर दाणा ओढत नाही, नुसता घसरवतो. बुशिंगला (रोलरचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्याला) फूड ग्रेड मिनरल ऑइलचा एखादा थेंब पुरतो. स्वयंपाकाचं तेल खवट होऊन चिकटतं.

आणि एक अगदी कळकळीने सांगतो, वॉर्ट (मॅश गाळून मिळालेला गोड रस) थंड करून यीस्ट टाकता त्या खोलीत भरडू नका. दाण्यांच्या धुळीत लॅक्टोबॅसिलस (आंबवणारे जिवाणू) असतात, ते पडले तर बिअर आंबते. माझी गिरणी गॅरेजमध्ये असते. भरडताना मास्क लावतो आणि वॉर्टला हात लावण्याआधी शर्टही बदलतो.