किनाऱ्यावरच्या गावात नळाचं पाणी थेट प्यायलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की मुंबई सोडून मालवण तालुक्यातल्या समुद्राकाठच्या गावात कायमचं राहायला येताय, सोबत रक्तदाबाची गोळी चालू असलेले वडील आणि दोन वर्षांची मुलगी आहे, घराला ग्रामपंचायतीचा नळ आहे. तर ते पाणी तसंच प्यावं, की आल्या आल्या आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारं यंत्र, बसवून घ्यावा?

मी त्याच पट्ट्यात राहते. घरोघर नळाने पाणी पोचवायच्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं किट देऊन शिकवलं, आमच्या गावच्या पाचांतली एक मी. आधी सरळ उत्तर देते. मुलीला नळाचं पाणी थेट देऊ नका, उकळून गार करून द्या. आरओ आत्ता घेऊ नका, मे महिन्यापर्यंत थांबा. आता असं का, ते सविस्तर सांगते.

आमच्याकडे पाहुणा आला की पहिला तांब्या रिकामा करून म्हणतो, "पाणी गोडं आहे हो तुमचं!" खरंच असतं. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, पडलेला पाऊस जांभ्या दगडातून मुरत खाली येतो, त्यात क्षार कमी असतात. डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो. माणूस त्या चवीवरून ठरवून टाकतो की पाणी चांगलं आहे. समुद्राकाठी राहणाऱ्याला भीती असते ती खाऱ्या पाण्याची, आणि खारं लागलं नाही की तो निर्धास्त होतो. पण खारेपणा जिभेला लगेच कळतो. ज्याने पोर आजारी पडतं ते जिभेला कळत नाही.

तरी खारेपणाचं आधी सांगते, कारण तुमच्या वडिलांसाठी ते महत्त्वाचं आहे. तुम्ही सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेला असाल. चारी बाजूंनी समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. जमिनीत मुरलेलं पावसाचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. आमच्या किनाऱ्यावरच्या विहिरींचंही तेच आहे. या गोड्या थराचं गणित नाजूक असतं. भूजलाचे अभ्यासक सांगतात की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं. हे कागदावरचं प्रमाण झालं, जमीन बघून ते बदलतं. पण उलट बाजूने विचार करा. उपसा करून वरची पातळी एक फूट उतरवली, की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर सरकायला बघतं. म्हणून किनाऱ्यालगत पाणी कमी पडलं की विहीर आणखी खोल करणं किंवा बोअर मारणं हा बहुतेक वेळा उलटा उपाय ठरतो. पाऊस इथे भरपूर, तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, पण जांभा पाणी धरून ठेवत नाही. बरंचसं वहाळाने समुद्राला मिळतं. मग माड-पोफळीच्या बागा, वाढलेली लॉज आणि होमस्टे, सुट्टीला आलेले चाकरमानी या सगळ्यांचा उपसा नेमका एप्रिल-मेमध्ये होतो. तेव्हा शेजारीण पाणवठ्यावर म्हणते, "गे, पाणी खारां लागता." आधी मचूळ होतं, मग खारट.

म्हणून पहिला प्रश्न ग्रामपंचायतीत जाऊन विचारा: आमच्या नळाला पाणी कुठून येतं? काही गावांची विहीर सड्याच्या पायथ्याशी, समुद्रापासून लांब असते. काहींना तलावाचं किंवा धरणाचं पाणी मिळतं. मालवण शहराला धामापूरच्या तलावाचं पाणी येतं, तो तलाव 1530 सालचा. आणि काही वाड्यांची विहीर खाडीपासून हाकेच्या अंतरावर असते. एकाच ग्रामपंचायतीत दोन वाड्यांना दोन वेगळी पाणी असू शकतात, तेव्हा "गावचं पाणी चांगलं आहे" या वाक्यावर जाऊ नका, आपल्या नळाचं विचारा.

क्षार मोजायला टीडीएस मीटर मिळतो, स्वस्त असतो. भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरमध्ये 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. तुम्ही पावसाळ्यानंतर आलात आणि ऑक्टोबरात मोजलंत, तर आकडा छान येईल आणि काहीच कळणार नाही. मे महिन्याच्या मध्यावर मोजा. तेव्हाही 500 च्या आत असेल, तर आरओची गरजच नाही. 2019 साली राष्ट्रीय हरित लवादानेही 500 च्या खालच्या पाण्याला आरओ नको, असं केंद्र सरकारला बजावलं होतं. आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर फेकतो, आणि ऐन टंचाईत ते बघवत नाही. आकडा बराच वर गेला, तर वडिलांच्या डॉक्टरांना तो दाखवा, कारण खाऱ्या पाण्यातून मीठ नकळत पोटात जातं. तेवढे दोन महिने प्यायचं पाणी सड्यावरच्या विहिरीचं आणता आलं, तर उत्तम. नाहीच जमलं, तर मग आरओ घ्या. पाणी उकळून खारेपणा जात नाही, उलट वाफ गेल्यामुळे किंचित वाढतो.

आता जे मला खरं सांगायचं आहे ते. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्या नळाला टीसीएलचा वास यायला लागला. टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर, विहिरीत नाहीतर टाकीत टाकतात ती. चहाला वास, भाताला वास. आम्ही चार-पाच जणी ग्रामपंचायतीत गेलो, पुढे मीच होते, आणि पाणी सोडणाऱ्या दादांना सांगितलं की एवढी पावडर टाकू नका, पाणी पिववत नाही. त्यांनी आमचं ऐकलं. जूनमध्ये पाऊस लागला आणि आठवड्याभरात वाडीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. रात्री दोन वाजता त्याला रिक्षात घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेला तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते आणि जीभ कोरडी पडली होती. सकाळपर्यंत सलाईन चालू होतं.

दोन दिवसांनी आरोग्यसेवक क्लोरोस्कोप घेऊन आले. साधी गोष्ट असते. काचेच्या नळीत नळाचं पाणी घेतात, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकतात, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. सगळे तिला ओटी टेस्ट म्हणतात. टाकीजवळच्या घराच्या नळाला फिकट पिवळा रंग आला. मग आमच्याकडे आले, आमचं घर लाइनवरचं शेवटचं. नळी भरली, थेंब टाकले, आम्ही सगळ्या वाकून बघत होतो. पाणी तसंच राहिलं. त्यांनी नळी उजेडाकडे धरली, पांढऱ्या कागदापुढे धरली, रंगाचा मागमूस नाही. त्याच नळाचं पाणी जंतूंच्या तपासणीच्या छोट्या बाटलीत खुणेपर्यंत भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाटली डांबरासारखी काळी झाली होती. काळी झाली म्हणजे पाण्यात घाण मिसळली आहे. आदल्याच आठवड्यात त्या पाण्याला मी "आता कसं गोडं लागतंय" म्हटलं होतं.

कारण सापडलं ते पाणंदीच्या कडेला. पाइप गटारातून जात होता आणि एक सांधा सुटला होता. आमच्याकडे पाणी सकाळी पाऊण तास येतं. तेवढा वेळ पाइपात दाब असतो, म्हणून फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर येतं. नंतर पाइप रिकामा होतो आणि त्याच भोकातून गटाराचं पाणी आत शिरतं. दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं की पहिल्या लोंढ्याबरोबर ते घरोघर पोचतं. त्यात कोणी नळाला थेट मोटर लावून खेचत असेल, तर आणखीच आत ओढलं जातं. पाण्यात क्लोरीन शिल्लक असता, तर वाटेत शिरलेल्या घाणीशी लढायला काहीतरी उरलं असतं. ते शिल्लक मीच कमी करून घेतलं होतं. तेव्हापासून नळाला हलका वास आला तर मला बरं वाटतं. शेवटच्या घराच्या नळालाही लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे, असं मानक सांगतं. वास नकोसा वाटत असेल, तर पाणी झाकून दोन-तीन तास ठेवा, तो बराच उतरतो.

समुद्राकाठी टीसीएलची आणखी एक अडचण आहे. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतं, पण आमच्या दमट हवेत उघडी पिशवी राहिली की ते उडून जातं. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर निकामी धरतात. पिशवी ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उघडी पडलेली दिसली, तर हक्काने बोला. पाणीपट्टी भरताय तुम्ही.

ग्रामपंचायतीत आणखी दोन गोष्टी मागा. वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, आरोग्य विभाग स्रोतांची पाहणी करून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. तुमच्या गावाला कुठलं मिळालं ते विचारा. आणि प्रयोगशाळेचा अहवाल बघायला मागा. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, व्हायला हवी. अहवालात क्लोराइड, म्हणजे खारेपणा, लिटरमागे 250 मिलिग्रॅमच्या आत आहे का ते बघा, आणि ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, असतील तर कितीही थोडे असले तरी ते पाणी पिण्याचं नाही. टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत. आमच्या त्या काळ्या झालेल्या बाटलीतल्या पाण्याचा आकडाही उत्तमच आला असता.

घरात काय करायचं, तर मुलीचं पाणी खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर तसंच राहू द्या, त्याच भांड्यात झाकून गार करा आणि लांब दांड्याच्या डावाने काढा. हात बुडवून पेला भरला, तर उकळलेलं फुकट जातं. जून ते ऑगस्ट सगळ्यांनीच उकळलेलं प्या. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत, हे इथल्या जुन्या माणसांनाही सांगावं लागतं. गॅस संपला, तर आशाताईंकडे मेडिक्लोरच्या, म्हणजे पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या द्रावणाच्या, बाटल्या मिळतात, प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं. सकाळी नळाला पहिलं पाणी तांबूस आलं, तर घाबरू नका. जांभ्यातलं पाणी थोडं आम्ल असतं, ते जुन्या लोखंडी पाइपाला खातं. पहिल्या दोन कळशा माडाला घाला.

तुमच्या आवारात स्वतःची विहीर असेल, तर शौचालयाचा शोषखड्डा तिच्यापासून किमान 50 फूट लांब आहे ना, हे टेप लावून मोजा. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण विकायला काढलेल्या घरांत नवीन शौचालय जागा मिळेल तिथे बांधलेलं मी पाहिलंय. जांभ्याला भेगा आणि पोकळ्या असतात, त्यातून पाणी न गाळताच पुढे जातं, त्यामुळे इथे 50 फूटसुद्धा मला कमीच वाटतात.

आणि मुलीला कधी जुलाब झालेच, तर पहिल्या पातळ शौचालाच ओआरएस सुरू करा, एक मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. झिंकच्या गोळ्या 14 दिवस द्यायच्या असतात. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नका. लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडलं, तर सकाळची वाट बघू नका, आमच्यासारखं रात्रीच न्या.

तुम्ही येताय ते घर बरेच दिवस बंद होतं असं लिहिलंय. मग सामान लावायच्या आधी गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडून आत बघा. बंद घरांच्या टाकीत पाली आणि कबुतराची पिसं मी स्वतः काढली आहेत. टाकी पूर्ण रिकामी करून घासा, तळाचा गाळ बाहेर काढा, मग भरा. हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम ताजी टीसीएल आधी बादलीत कालवून, दहा मिनिटं निवळू देऊन, फक्त वरचं निवळ पाणी टाकीत ओता. तळाचा चुना ओतू नका. तासभर थांबा आणि मग घरातले सगळे नळ एकेक करून वास येईपर्यंत सोडा.